पुढं काहीतरी वाजतंय

ट्रकच्या पुढच्या चाकांवर आणि चेसिसच्या खाली नेमकं काय असतं, हे मला साठी उलटेपर्यंत माहीत नव्हतं. आयुष्यभर हायस्कुलात मराठी शिकवलं. यंत्रांच्या बाबतीत म्हणाल, तर स्कूटरचा प्लग काढून पुसून परत लावणं ही माझी आजवरची सर्वोच्च कामगिरी. थोरल्या भावाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि त्याची जुनी ४०७ माझ्या गळ्यात पडली. ओतूरच्या आसपासच्या शेतांवरून टोमॅटोचे कॅरेट भरायचे आणि नारायणगावच्या बाजारात उतरवायचे, हा तिचा हंगामातला दिनक्रम. कधीमधी माळशेज घाट उतरून कल्याणकडची खेप. "तू फक्त हिशेब बघ, बाकी ड्रायव्हर बघेल," असं भावाने सांगितलं होतं. मी वही घातली, खेपांचे रकाने आखले. शाई वाळते न वाळते तोच ड्रायव्हर म्हणाला, "गुरुजी, पुढं काहीतरी वाजतंय." मी विचारलं, "काय वाजतंय?" तो म्हणाला, "ते कळलं असतं तर तुम्हाला कशाला विचारलं असतं?"

आवाज स्वतः ऐकावा म्हणून क्लीनर साइडला, म्हणजे डावीकडे, जाऊन बसलो. गावाबाहेरच्या गतिरोधकावर 'खट्ट' झालं. ते माझ्या पायाखालून आल्यासारखं वाटलं. पुढच्या खड्ड्यात आलेला आवाज बॉनेटमधून आला, आणि त्यानंतरचा चक्क ड्रायव्हरच्या बाजूने. मी म्हणायचो डावीकडून, ड्रायव्हर म्हणायचा खालून. चेसिस म्हणजे लोखंडाचा सलग सांगाडा. त्याच्या एका जागी बसलेला ठोका सगळीकडे पोचतो, त्यामुळे केबिनमध्ये बसलेल्या माणसाचे कान त्याला जागा दाखवताना सर्रास चुकतात. ही माहिती मला फार पुढे मिळाली. त्या दिवशी नारायणगाव येईपर्यंत माझा गाडीच्या प्रत्येक भागावर संशय घेऊन झाला होता, आणि ड्रायव्हरने रेडिओ लावला होता.

घरी आल्यावर सोपा मार्ग धरला: केबिन रिकामी करायची. सीटखालून जॅक, टॉमी, गंजलेले पाने, दोरखंड, पाण्याचे रिकामे कॅन आणि हरवली म्हणून घरात भांडण झालेली भावाची एक चप्पल निघाली. मग बॉनेटचा खटका, नंबरप्लेट, मडगार्ड, बंपर, केबिनखालची रबरं असं एकेक हलवून पाहिलं. चाकांच्या नटांना टॉमी लावून पाहिली. सगळं घट्ट. पुन्हा एक चक्कर मारली. केबिनमधली खडखड थांबली होती, त्यामुळे 'खट्ट' आता फारच स्वच्छ ऐकू येत होतं. एक गोष्ट मात्र लक्षात आली. सुटं सामान एका धक्क्यात पुष्कळदा आपटतं आणि खडखडत राहतं. हा आवाज धक्क्याला एकदाच येत होता, जड होता आणि लगेच मिटत होता. म्हणजे एखादं वजनदार लोखंड किंचित सरकून दुसऱ्या लोखंडाला थडकत असणार. हा शोध मी मोठ्या उत्साहाने ड्रायव्हरला ऐकवला. तो म्हणाला, "तेच तर सांगत होतो. पुढं काहीतरी वाजतंय."

मग शिक्षकी पेशाला शोभेल असं केलं, कागदपत्रं काढली. आठ वर्षांहून जुन्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेसचं प्रमाणपत्र नव्याने घ्यावं लागतं. त्यालाच सगळे पासिंग म्हणतात. आमच्या गाडीचं पासिंग झालेलं होतं, शिक्का होता, मुदत होती. कागद घेऊन मी भावाच्या खाटेपाशी गेलो आणि म्हटलं, गाडी तर पास आहे. तो म्हणाला, "दहावीला पास झालेली तुझी सगळी पोरं अजून गणितं सोडवतात का?"

हायवेवरच्या एका गॅरेजमध्ये गेलो. तिथल्या मिस्त्रीने गाडीखाली न वाकताच निदान केलं, "शॉकअप गेलेत." शॉकअप म्हणजे शॉक अ‍ॅब्सॉर्बर, म्हणजे धक्के खाणारी नळकांडी. गाडीचा सगळा भार त्यांच्यावरच असणार, अशी माझी समजूत. एवढी मोठी वस्तू निकामी झाली म्हटल्यावर मी लगेच होकार दिला. पुढचे दोन्ही नवे बसवले, पैसे मोजले. गॅरेजच्या दारातला उतार उतरतानाच खट्ट झालं. मिस्त्री लांबून ओरडला, "नवीन आहेत, बसायला वेळ लागंल!" मी खिडकीतून हात हलवून त्याचे आभार मानले.

जुने शॉकअप मी गोणपाटात बांधून घरी आणले होते, भंगारात चार पैसे येतील म्हणून. भावाने त्यातला एक जमिनीवर उभा धरायला लावला आणि म्हणाला, "दाब. आता ओढ." दाबताना अंगाला घाम फुटला, ओढतानाही तेवढाच. हालचाल संथ, सगळीकडे सारखी, आणि नळीवर तेलाचा ओघळ नाही. "हे तर धडधाकट आहेत," तो म्हणाला. मग त्याने जे समजावलं ते असं: गाडीचं वजन शॉकअप पेलत नाहीत, ते चाकांवरचे लोखंडी पाटे पेलतात. धक्का बसल्यावर पाटे वरखाली होत राहतात. ती उसळी लवकर शांत करणं एवढंच शॉकअपचं काम. त्याच्या पोटातलं तेल बारीक भोकांतून जबरदस्तीने ढकललं जातं, त्यात उसळीचा जोर मरतो. तो खराब झाला तर गाडी खड्ड्यानंतर डुलत राहते, नळीवर तेल दिसतं, किंवा वरच्या-खालच्या टोकाची रबरं बसलेली असतात. "यातलं तू काय काय पाहिलंस?" त्याने विचारलं. मी गोणपाटाची गाठ बांधू लागलो.

"आवाज कुठून येतो हे आता कुणालाही विचारू नकोस," भाऊ म्हणाला. "कधी येतो ते लिही." हे काम माझ्या आवाक्यातलं होतं. हिशेबाच्या वहीत मागच्या बाजूने नवे रकाने आखले: दोन्ही चाकं एकदम उचलली गेली तर, एकच चाक खड्ड्यात गेलं तर, ब्रेक दाबल्यावर, मागे घेताना, जागेवर उभं राहून स्टेअरिंग फिरवल्यावर, आणि हे सगळं रिकाम्या गाडीत एकदा, भरलेल्या गाडीत एकदा. पहिली अडचण गतिरोधकाची आली. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच हवा, म्हणजे ताशी २५ किलोमीटर वेगाने तो सुखरूप ओलांडता येतो. आमच्या रस्त्यावरचे गतिरोधक ज्याने त्याने आपल्या दारापुढे आपल्या मर्जीने घातलेले. त्यामुळे प्रयोगासाठी एकच गतिरोधक ठरवला आणि त्यावरूनच गाडी पुन्हा पुन्हा नेली. शेजारच्या चहावाल्याने शेवटी विचारलं, "गुरुजी, गाडी शिकताय का?"

हलत्या गाडीत लिहिलेलं माझं अक्षर मलाच वाचवेना, पण रकाने बोलू लागले. जागेवर स्टेअरिंग फिरवलं तर आवाज नाही. गतिरोधकावर दोन्ही चाकं एकदम चढली तर हलका. डावं चाक एकटं खड्ड्यात गेलं की मोठा, उजवं गेलं तर जवळजवळ नाहीच. सगळ्यात चमत्कारिक नोंद ब्रेकची होती. हळू जाताना ब्रेक दाबला की एक खट्ट. पुन्हा पुढे जाऊन पुन्हा दाबला तर काहीच नाही. पण मध्ये गाडी मागे घेऊन ब्रेक मारला, की खट्ट. आणि त्यानंतर पुढे जाताना पहिल्या ब्रेकला परत खट्ट. भरलेल्या गाडीत खड्ड्यातला आवाज दबायचा, ब्रेकचा मात्र वाढायचा. मला यात काहीच अर्थ दिसेना. वही भावासमोर धरली, तेव्हा त्याने चष्मा मागवला आणि कधी नव्हे ते माझ्या वहीला "शाब्बास" म्हणाला.

त्याचा तर्क सरळ होता. पुढे जाताना ब्रेक दाबला की चाक थांबू पाहतं आणि गाडी पुढे जाऊ पाहते. त्या ओढाताणीत एखादी वस्तू मागे सरकते, थडकते आणि तिथेच राहते. म्हणून दुसऱ्या ब्रेकला आवाज नाही, कारण सरकायला जागाच उरलेली नाही. मागे घेऊन ब्रेक मारला की तीच वस्तू पुढे सरकते आणि फेरा पुन्हा सुरू होतो. "एवढं सरकणारं पुढं काय आहे?" मी विचारलं. तो म्हणाला, "तेच बघायला आता खाली झोपायचंय. मला झोपता येत नाही, तू झोप."

झोपण्याआधी त्याने नियम घालून दिले. गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना पुढून-मागून दगड. जॅकने उचललेल्या गाडीखाली नुसत्या जॅकच्या भरवशावर जायचं नाही. जाड लाकडी ठोकळे रचून गाडी त्यांवर टेकवायची, मगच खाली सरकायचं. पहिल्यांदा एक्सलखाली जॅक लावून डावं चाक अधांतरी केलं. आता किंगपिनची परीक्षा. किंगपिन म्हणजे ज्या उभ्या पिनेवर चाक डावी-उजवीकडे वळतं ती. वहीत मी 'राजखिळा' असं लिहिलं होतं, ते वाचून ड्रायव्हर जरा वेळ गाडीमागे जाऊन आला. चाकाचा वरचा आणि खालचा भाग दोन हातांनी धरून आत-बाहेर हलवायचं. हललं तर कुणाला तरी केबिनमध्ये बसवून ब्रेक दाबून धरायला सांगायचं आणि पुन्हा हलवायचं. ब्रेक दाबल्यावर हालचाल थांबली तर दोष हबच्या बेअरिंगमध्ये, तरीही राहिली तर किंगपिनमध्ये. आमचं चाक किंचित हललं आणि ब्रेकबरोबर थांबलं. म्हणजे बेअरिंग थोडं आवळायला हवं होतं, पण इतका मोठा आवाज करण्याची त्याची ऐपत नव्हती. माझी मात्र चाक हलवून कंबर धरली.

पुढची पाळी टायरॉडची. दोन्ही चाकांना एकत्र वळवणारा तो आडवा दांडा. त्याच्या टोकांना गोळीसारखे सांधे असतात, ते झिजले की वाजतात. यासाठी चाकं जमिनीवर ठेवली, ड्रायव्हरने स्टेअरिंग थोडं-थोडं डावी-उजवीकडे झटकलं आणि मी प्रत्येक सांध्याला कान लावू लागलो. ड्रायव्हर वरून म्हणाला, "कान नका लावू गुरुजी, हात ठेवा." हात ठेवला आणि खरंच, निरोगी सांध्यावर काही जाणवत नव्हतं, ढिल्या सांध्यावर तळव्याला बारीकसा चिमटा बसला असता. कान फसतो, तळहात फसत नाही. सगळे सांधे ठीक निघाले. त्याला हे आधीपासून ठाऊक होतं, मग सांगितलं का नाही? "तुम्ही विचारलं कुठं?"

आता उरले पाटे. एवढी वर्षं मी रस्त्यावर ट्रक पाहिले, पण त्यांच्या चाकांवर वाकलेल्या लोखंडी पट्ट्यांची चळत असते हे कधी नीट पाहिलं नव्हतं. सगळ्यात वरचा लांब तो मेन पाटा, त्याखाली एकेक आखूड होत जाणारे. ही रचना मोटारींच्याही आधीची: लंडनच्या ओबाडाया इलियट नावाच्या गाडी बनवणाऱ्याने १८०४ साली पाट्यांवर तोललेल्या घोडागाडीचं पेटंट घेतलं होतं. मेन पाट्याची दोन्ही टोकं गोल वळवून त्यांत पिन घालतात. एक टोक चेसिसला जागच्या जागी अडकवलेलं असतं. दुसरं तसं अडकवून चालत नाही, कारण वजन पडलं की वाकलेला पाटा सरळ होऊ लागतो आणि सरळ होताना लांब होतो. म्हणून ते टोक शॅकलला लावतात. शॅकल म्हणजे झोपाळ्याच्या कडीसारखा मागे-पुढे झुलणारा लोखंडी दुवा. या सगळ्या पिना ज्यात फिरतात ती नळी म्हणजे बुश, आणि पिन व बुश यांच्यात ग्रीस हवं. आमच्या शॅकलचं ग्रीस निप्पल कुठे आहे ते मला सापडेना. चिखलाच्या थरावर रंग आणि रंगावर पुन्हा चिखल, असा तो डोंगर टॉमीने खरवडल्यावर निप्पल निघालं. त्या तोंडातून ग्रीस शेवटचं कधी गेलं होतं, हे भावाने सांगायचं टाळलं.

पिन-बुश तपासताना जॅक एक्सलखाली ठेवून चालत नाही, हे मला उलटं करून कळलं. एक्सल उचललं की गाडीचं वजन पाट्यांवरच राहतं, पिन बुशमध्ये दाबलेली असते आणि पहारीने कितीही टेका दिला तरी हलत नाही. मी "घट्ट आहे, घट्ट आहे" म्हणत सगळ्या पिना पास केल्या. भावाने खिडकीतून पाहून ओरडून सांगितलं, चेसिस उचल, एक्सल लोंबू दे. तसं केलं, ठोकळे रचले, पहार घातली. डाव्या शॅकलची पिन बुशमध्ये वरखाली चक्क नाचली. तो आवाज ओळखीचा होता: डावं चाक खड्ड्यात गेल्यावर येणारा. गुन्हेगार सापडल्याच्या आनंदात मी गाडीखालून डोकं वर उचललं, आणि चेसिसने टाळूवर एक मोठी खूण ठेवली.

पण ब्रेकच्या आवाजाचा जाब अजून मिळाला नव्हता. टाळूवर हळद लावून पुन्हा खाली गेलो, या वेळी विजेरी घेऊन. पाट्यांची चळत एक्सलवर दोन यू-बोल्टनी आवळलेली असते. यू आकाराचा जाड गज, खाली दोन्ही टोकांना नट. उजवीकडे सगळीकडे एकसारखा जुना, काळपट गंज. डावीकडे यू-बोल्टच्या कडेला पाट्यावर एक चकचकीत पट्टा होता, घासून पांढरा झालेला, आणि त्याच्या आसपास तांबूस बारीक भुकटी. मी ती बोटाला लावून भावाला दाखवली. त्याने एकच वाक्य सांगितलं आणि ते मी वहीच्या पहिल्या पानावर उतरवून घेतलं: जिथे गंज नाही तिथे हालचाल आहे. घट्ट बसलेलं लोखंड शांतपणे गंजतं. घासणारं लोखंड चकाकतं आणि लाल भुकटी सोडतं. मी त्या चकाकणाऱ्या जागेला आधी "हा भाग तरी चांगला आहे" असं म्हटलं होतं.

खात्री करायला भावाने मोजपट्टी मागवली. स्टेअरिंग सरळ ठेवून पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंनी मोजायचं. ते सारखं आलं पाहिजे. आमचं डावीकडचं बोटभर कमी भरलं. म्हणजे एक्सलचं डावं टोक मागे सरकलं होतं. गाडीखाली न जाता, पाना हातात न धरता, शिंप्याकडेही मिळेल अशा साधनाने ही गोष्ट अगदी सुरुवातीला कळली असती. ड्रायव्हर त्यावर म्हणाला, "म्हणूनच गाडी डावीकडं ओढत होती व्हय! मला वाटलं रस्त्याला उतार आहे." आणि इतके दिवस तो स्टेअरिंग किंचित उजवीकडे धरून गाडी चालवत आला होता.

काम आमच्या हातातलं नव्हतं. आळेफाट्याला पुणे-नाशिक आणि कल्याण-अहिल्यानगर हे रस्ते एकमेकांना छेदतात, त्यामुळे तिथे पाटेवाल्यांना कामाची कमी नाही. शिवाय ४०७ हे मॉडेल १९८६ साली बाजारात आल्यापासून गावोगाव इतकं फिरलं आहे, की तिचे पाटे आणि बुश कुठल्याही फाट्यावर मिळतात. मी दुकानात पोचलो, दोष सांगितला, मोजपट्टीचा आकडाही सांगितला. पाटेवाले चाचा कौतुकाने ऐकत होते. मग त्यांची नजर हौद्याकडे गेली. "मास्तर, एवढे कॅरेट भरून पाटा खोलू कसा? आधी बाजारात जाऊन रिकामे करून या."

रिकामी गाडी घेऊन परत आलो. यू-बोल्ट खोलले, एक्सल खाली सोडलं आणि चळतीच्या मधोमध असलेला सेंटर बोल्ट काढला. तो दोन तुकड्यांत बाहेर आला. हा बोल्ट सगळ्या पाट्यांना आरपार शिवतो आणि त्याचं डोकं एक्सलवरच्या भोकात बसतं, म्हणजे एक्सल नेमकं कुठे राहायचं हे तो ठरवतो. मी म्हटलं, बोल्टच कमजोर निघाला म्हणायचा. चाचांनी मान हलवली. एक्सलला जागी धरून ठेवण्याचं काम त्या बारीक बोल्टचं नाहीच, ते यू-बोल्टच्या आवळण्याचं. यू-बोल्ट ढिले पडले की ब्रेकचा सगळा जोर सेंटर बोल्टवर येतो, आणि रोज तो जोर खाऊन तो एक दिवस कापला जातो. मग एक्सल ब्रेकला मागे आणि रिव्हर्सला पुढे, मोकळं सरकतं. चाचा म्हणाले, "अशा गाडीनं घाट उतरत होता?" मी माळशेजच्या खेपा आठवल्या आणि स्टुलावर बसून घेतलं.

चळत सुटी केल्यावर खालचा एक पाटाही तडकलेला निघाला. एकत्र आवळलेला असताना तो दिसत नव्हता. तो बदलला. सेंटर बोल्ट नवा, दोन्ही बाजूंचे यू-बोल्ट नवे. जुने ताणले गेलेले असतात, ते पुन्हा वापरत नाहीत. शॅकलचे पिन-बुशही दोन्हीकडचे नवे. यू-बोल्टचे नट आवळायचीही पद्धत आहे: एक पूर्ण घट्ट करून दुसऱ्याकडे जायचं नाही, समोरासमोरचे कोपरे आलटून पालटून, थोडे थोडे, आणि शेवटचं आवळणं गाडीचं वजन चाकांवर आल्यानंतर. मी पाना मागितला. पूर्ण ताकद लावून एक नट घट्ट केला. चाचांच्या हाताखालच्या मुलाने, ज्याला अजून मिसरूडही फुटलं नव्हतं, त्याच नटाला लांब दांड्याचा पाना लावून आणखी बराच फिरवला.

ग्रीस भरायचं काम माझ्याकडे आलं, कारण ते सगळ्यात सोपं. ग्रीस गनचं तोंड निप्पलवर दाबून बसवायचं आणि दांडा मारायचा. पिनेच्या दोन्ही कडांतून जुनं काळं ग्रीस बाहेर येतं, ते संपून नवं स्वच्छ ग्रीस दिसू लागलं की थांबायचं. नव्या पिनांना ग्रीस लगेच गेलं. मग मी उत्साहाने किंगपिनच्या जुन्या निप्पलकडे वळलो. दांडा मारला, ग्रीस आत न जाता तोंडाच्या मागून उसळलं आणि माझ्या शर्टाच्या खिशात, पेनासकट, भरलं. निप्पल चोंदलं होतं. मुलाने ते खोलून तारेने साफ केलं, पुन्हा बसवलं, आणि म्हणाला, "ग्रीस भायेर आलं नाय तर आत गेलंच नाय समजायचं." शर्ट बायकोने पुन्हा धुतला नाही. तो आता गाडीच्या कामाचा शर्ट आहे.

परत येताना ठरलेल्या गतिरोधकावरून गाडी नेली. डावं चाक एकटं खड्ड्यात घातलं. ब्रेक मारला, मागे घेतली, पुन्हा ब्रेक मारला. वहीच्या सगळ्या रकान्यांत "नाही" लिहिता आलं. आम्ही ज्याला एक आवाज समजत होतो ते दोन आवाज होते: खड्ड्यातला शॅकलच्या बुशचा आणि ब्रेकचा सरकत्या एक्सलचा. एकच दुरुस्त केला असता, तर "काम केलं तरी वाजतंच आहे" म्हणून मी नक्कीच आणखी एखादी निर्दोष वस्तू बदलून घेतली असती. ड्रायव्हरने स्टेअरिंगवरचे हात क्षणभर सैल केले, गाडी सरळ चालत राहिली. "गुरुजी," तो म्हणाला, "आता माझा उजवा खांदा दुखायचा थांबंल."

यात गाडीचा दोष नव्हता. पिनांना वेळेवर ग्रीस मिळालं असतं आणि यू-बोल्टवर अधूनमधून पाना लागला असता, तर यातलं बरंचसं झालंच नसतं. माझ्यासारखं ज्यांच्या गळ्यात अचानक एखादी मालवाहू गाडी पडली असेल, त्यांना एवढंच सांगतो: पुढून आवाज आला तर खिशात हात घालण्याआधी वही काढा. आवाज कुठून येतो यापेक्षा कधी येतो ते लिहा, मोजपट्टीने दोन्ही बाजू मोजा, आणि जो मिस्त्री वाकून गाडीखाली बघत नाही त्याला काहीही बदलू देऊ नका. ब्रेकबरोबर येणारा आवाज मात्र वहीत फार दिवस ठेवू नका; तो तपासल्याशिवाय गाडी भरू नका आणि घाटात तर नेऊच नका. पाट्याचं काम केलं असेल तर थोड्या खेपा झाल्यावर यू-बोल्ट पुन्हा आवळून घ्या, कारण नवे पाटे एकमेकांवर बसतात आणि नट थोडे ढिले पडतात. आमचे चाचांनी पुन्हा आवळले तेव्हा प्रत्येक नट थोडा फिरला, आणि त्याचे त्यांनी पैसे घेतले नाहीत.